चौथा नळ

उबुंटू लिनक्सची नवी आवृत्ती दर वर्षी एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये येते. अशाच एका एप्रिलच्या संध्याकाळी, नवी आवृत्ती बाहेर पडून काही तासच झाले असताना, मी ती टॉरेंटनं उतरवायला घेतली. फाइल जवळपास ६ जीबीची. एरवी अशी फाइल लावून मी दुसऱ्या कामाला लागतो. त्या दिवशी मात्र क्यूबिटटॉरेंट या प्रोग्रॅममधला ‘पिअर्स’ नावाचा कप्पा उघडला आणि तासभर तिथून उठवलं नाही.

पडद्यावर एक यादी होती. प्रत्येक ओळीत एका यंत्राचा पत्ता आणि शेजारी त्या देशाचा चिमुकला झेंडा. ब्राझील, पोलंड, जपान, केनिया, पुन्हा ब्राझील. पुढे त्या यंत्राकडे फाइल किती टक्के पोचली तो आकडा, ते मला किती वेगानं देतंय आणि माझं यंत्र त्याला किती वेगानं देतंय हे दोन आकडे. मधल्या एका रकान्यात नुसती अक्षरं. छोटं ‘डी’ म्हणजे मला याच्याकडून तुकडा हवाय, पण त्यानं माझ्यासाठी नळ बंद ठेवलाय. मोठं ‘डी’ म्हणजे नळ उघडला, धार लागली. छोटं ‘यू’ म्हणजे त्याला माझ्याकडून हवंय आणि मी नळ बंद ठेवलाय. मोठं ‘यू’ म्हणजे उघडला. दर काही सेकंदांनी अक्षरं बदलत होती, छोट्याचं मोठं, मोठ्याचं छोटं. मधूनच एखाद्या ओळीत ‘ओ’ हे अक्षर उमटायचं, थोडा वेळ तिथं राहायचं आणि मग दुसऱ्याच कुणाच्या ओळीत जाऊन बसायचं.

हे सगळे लोक एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांच्यात कुणी प्रमुख नाही, वर्गणी नाही, पंच नाहीत. तरीही कुणी किती दिलं आणि त्याला किती मिळावं याचा निवाडा माझ्यासमोर अखंड चालू होता. तो कसा होतो हे समजून घेताना मला सगळ्यात जास्त भावला तो हा भटका ‘ओ’. त्याच्यापर्यंत पोचायला थोडी वाट चालावी लागेल.

गर्दी वाढली की वेग वाढतो

नेहमीच्या डाउनलोडचा हिशेब साधा असतो. एका ठिकाणी एक सर्व्हर, त्याची ठरावीक ताकद आणि समोर मागणाऱ्यांची रांग. मागणारे दुप्पट झाले की प्रत्येकाच्या वाट्याला निम्मं येतं. परीक्षेचा निकाल लागतो त्या दुपारी संकेतस्थळ का अडकून बसतं, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे.

आता दुसरा हिशेब मांडून बघू. एकाकडे फाइल आहे आणि ती दुसऱ्याला द्यायला त्याला एक तास लागतो. उरलेल्या १,०२३ जणांना त्यानं एकट्यानं एकेक करून दिली, तर १,०२३ तास लागतील, म्हणजे सहा आठवडे. पण ज्याला मिळाली त्यानंही पुढच्या तासापासून वाटायला सुरुवात केली तर? पहिल्या तासाअखेर फाइल दोघांकडे, दुसऱ्या तासाअखेर चौघांकडे, तिसऱ्या तासाअखेर आठजणांकडे. दहावा तास संपताना ती १,०२४ जणांकडे पोचलेली असते. सहा आठवड्यांचं काम दहा तासांत होतं, आणि कुणालाही जास्तीचं यंत्र विकत घ्यावं लागत नाही.

यातही एक उणीव राहते. अख्खी फाइल हाती येईपर्यंत तो तासभर माणूस नुसता घेणारा असतो. म्हणून फाइलचे तुकडे करायचे. ६ जीबीची फाइल २५६ केबीच्या तुकड्यांत कापली की २४,५७६ तुकडे होतात. त्यातला एक तुकडा हाती आला रे आला की तो माणूस देणारा झाला. माझ्याकडे ७ टक्के फाइल होती तेव्हाच माझ्याकडून पोलंडला तुकडे जात होते, आणि त्याच पोलंडहून मला माझ्याकडे नसलेले तुकडे येत होते.

ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रॅमरनं २००१ साली बिटटॉरेंट लोकांसमोर आणलं, त्याचा पाया हा. इंग्रजीत अशा जमावाला ‘स्वार्म’ म्हणतात; मधमाश्यांच्या थव्यालाही हाच शब्द आहे, म्हणून आपण त्याला मोहोळ म्हणू. इथं येणारा प्रत्येकजण आपली तहान घेऊन येतो तसा आपला नळही घेऊन येतो. म्हणून सर्व्हर जिथं गर्दीनं गुदमरतो, तिथं मोहोळ गर्दीनं जोमात येतं.

हिशेब देखणा आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ज्याला मिळालं तो पुढं देईल, ही.

देणारे थोडे, घेणारे फार

ते गृहीत किती कच्चं आहे हे तोवर दिसून आलं होतं. मार्च २००० मध्ये नुटेला नावाचं फाइल-वाटपाचं जाळं सुरू झालं. त्यात मध्यवर्ती सर्व्हर नव्हता; जो तो आपल्या संगणकावरच्या फाइली इतरांसाठी मोकळ्या ठेवायचा, निदान तशी अपेक्षा होती. त्याच वर्षी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रातल्या एतान अदार आणि बर्नार्डो ह्यूबरमन यांनी या जाळ्यातली रहदारी मोजली. जवळजवळ ७० टक्के सदस्य एकही फाइल वाटत नव्हते. शोधाला मिळणाऱ्या उत्तरांपैकी जवळपास निम्मी उत्तरं वरच्या फक्त १ टक्का यंत्रांकडून येत होती.

म्हणजे नाव समुदायाचं, आणि भार मूठभरांच्या खांद्यावर. ते थकले किंवा निघून गेले की सगळं जाळं आडवं.

यातल्या ७० टक्क्यांना वाईट ठरवून प्रश्न सुटत नाही. घरोघरच्या इंटरनेट जोडणीत खाली येणारी वाट रुंद आणि वर जाणारी वाट अरुंद असायची. आजही पुष्कळ ठिकाणी असते. दुसऱ्याला द्यायला लागलं की आपलं काम मंदावतं हे दिसत असतं. दिलं नाही तर काही बिघडतही नाही, कारण घ्यायला कुणी अडवत नाही. अशा जागी चांगली माणसंही हात आखडता घेतात. गॅरेट हार्डिन या परिसरशास्त्रज्ञानं १९६८ साली सामायिक कुरणाचं उदाहरण देऊन हेच मांडलं होतं. प्रत्येकानं आपलं एक गुरू जास्त सोडलं की कुरणच उरत नाही.

इथं मात्र एक फरक आहे, आणि तो ओळखला की पुढचं कोडं सोपं होतं. कुरणातलं गवत खाल्लं की संपतं. फाइल दिल्यानं संपत नाही. दिल्यानं विद्या वाढते म्हणतात तशी तिची एक प्रत वाढते. टंचाई असते ती बाहेर जाणाऱ्या वाटेची. त्यामुळे न्याय करायचा तो फाइलींचा करायचा नाही. नळाचा करायचा.

तो कसा करावा याचे प्रयोग चालू होते. कोहेन आधी मोजो नेशन या प्रकल्पात काम करत होता. तिथं त्यासाठी ‘मोजो’ नावाचं चलनच काढलं होतं. दिलंत की कमावलंत, घेतलंत की खर्च झाला. कल्पना प्रामाणिक होती. पण चलन आलं की खातेवही आली, शिल्लक आली, त्या शिल्लकेवर सगळ्यांचा भरवसा बसवणं आलं. स्वतःचं काम सुरू करताना कोहेननं खातेवही ठेवलीच नाही.

दहा सेकंदांचा निवाडा

त्याचा नियम एका परिच्छेदात मावतो. माझं यंत्र एका वेळी मोजक्याच जणांसाठी नळ उघडे ठेवतं. मूळ नियमात हा आकडा चार होता. आताचे प्रोग्रॅम तो कमीजास्त करतात. सगळ्या जगाला थेंबथेंब देण्यापेक्षा चौघांना धार लावून देणं वाटेच्या दृष्टीनं चांगलं. हे चार कोण, ते दर दहा सेकंदांनी पुन्हा ठरतं. माझं यंत्र बघतं की गेल्या काही क्षणांत मला सगळ्यात वेगानं कोण देतंय. कोहेनच्या मांडणीत ही सरासरी साधारण २० सेकंदांची होती. जे वर असतात त्यांच्यासाठी माझे नळ उघडे. जो देणं थांबवतो तो यादीत खाली सरकतो आणि दहा सेकंदांत त्याचा नळ बंद होतो. इंग्रजी परिभाषेत याला ‘चोक’ करणं म्हणतात, म्हणजे धार कोंडणं. तो पुन्हा देऊ लागला की पुन्हा वर येतो. मागचं काही मनात धरलं जात नाही, कारण मागचं कुठं लिहूनच ठेवलेलं नसतं.

या नियमात काय काय नाही, ते बघत गेलो की माझं आश्चर्य वाढत जातं. कुणाचं नाव नाही. कुणाचा इतिहास नाही. तक्रार ऐकणारा नाही आणि दंड वसूल करणाराही नाही. ट्रॅकर नावाचं एक ठिकाण असतं, पण ते फक्त मोहोळात सध्या कोण कोण आहे त्यांचे पत्ते सांगतं, तेही साधारण पन्नासेक. कुणी किती द्यावं यात त्याला तोंड घालता येत नाही. प्रत्येक यंत्र फक्त दोनच गोष्टी जाणतं: माझ्या हातातून काय गेलं आणि माझ्या हातात काय आलं. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर हजारो अनोळखी यंत्रं असे जोडीदार शोधत जातात की भरपूर देणाऱ्याला भरपूर देणारे भेटतात.

पडद्यावरची अक्षरं बदलत होती ती यामुळेच. माझ्याकडून जपानला जाणारी धार वाढली आणि थोड्या वेळानं जपानच्या ओळीतलं छोटं ‘डी’ मोठं झालं. कुणीतरी तिथं बसून मला पसंत केलं असं वाटावं, इतकं ते जिवंत होतं.

नव्याचं काय?

पण या न्यायात एक भयंकर खोट आहे. जो देतो त्यालाच द्यायचं ठरलं, तर जो आत्ताच आला आहे आणि ज्याच्याकडे द्यायला एकही तुकडा नाही, त्यानं काय करायचं? त्याला कुणी देणार नाही, कारण त्यानं कुणाला दिलेलं नाही. त्यानं दिलेलं नाही, कारण त्याला कुणी दिलेलं नाही. भांडवल नाही म्हणून धंदा नाही आणि धंदा नाही म्हणून भांडवल नाही, हे आपण आजूबाजूला रोज बघतो. नुसता परतफेडीचा न्याय पहिल्याच दिवशी दार बंद करून बसतो.

इथं तो ‘ओ’ येतो.

चारपैकी तीन नळ कमाईवर दिले जातात. चौथा नळ कमाई न बघता उघडला जातो. यादीतल्या कुणा एकासाठी, त्यानं मला काही दिलं असो वा नसो. दर ३० सेकंदांनी तो पुढच्याकडे जातो. कोहेननं याला ‘ऑप्टिमिस्टिक अनचोक’ असं नाव दिलं. आपण त्याला आशेवर उघडलेला नळ म्हणू. त्या नावाचं आद्याक्षर म्हणून रकान्यात ‘ओ’. तीस सेकंदच का, याचंही कारण आहे. माझी धार पूर्ण वेगाला यायला, समोरच्यानं परत द्यायला सुरुवात करायला आणि त्याची धार पूर्ण वेगाला यायला तेवढा अवधी पुरतो. म्हणजे अनोळखी माणसाला संधी द्यायची, तर तिचं सोनं करता येईल इतकी लांब द्यायची. नियमात आणखी एक ओळ आहे. जो नुकताच जोडला गेला आहे, त्याची या नळावर वर्णी लागण्याची शक्यता इतरांच्या तिप्पट ठेवायची. प्रोग्रॅमच्या कोरड्या सूचनांमध्ये कुणीतरी नवख्यासाठी तिप्पट जागा लिहून ठेवली आहे, हे वाचलं तेव्हा मला भरून आलं.

हा नळ म्हणजे निव्वळ दया नव्हे. तो देणाऱ्यालाही लागतो. आत्ता मला देणाऱ्या तिघांहून चांगला जोडीदार यादीत कुठंतरी असेल, पण त्याला कधी काही दिलंच नाही, तर ते कळणार कसं? चौथा नळ प्रत्येक यंत्राला नव्या ओळखी करून देतो. तो बंद केला तर मोहोळाचे छोटे छोटे कंपू होतील आणि ते आपापसातच फिरत राहतील. अनोळखी माणसासाठी राखलेली जागा ही समुदायाची स्वतःचीच गरज असते, हे इथं गणितानं सिद्ध व्हावं तसं दिसतं.

आपल्या गावगाड्याला या दोन्ही रीती ठाऊक आहेत. सावड म्हणजे आज मी तुझ्या रानात राबतो, उद्या तू माझ्या, दिवसाला दिवस. इर्जिक म्हणजे एखाद्याचं अडलेलं शेत नांगरायला शेजारचे लोक आपापली अवजारं घेऊन येतात आणि तो त्यांना पोटभर जेवू घालतो. तिथं दिवसाला दिवस मोजला जात नाही. तीन नळ सावडीचे आणि एक इर्जिकेचा, असं म्हटलं तर बिटटॉरेंट अर्धं समजलं.

सर्वांत छोटा प्रोग्रॅम

या नियमाची मुळं संगणकाच्या जाळ्याहून जुनी आहेत. मिशिगन विद्यापीठातल्या रॉबर्ट अ‍ॅक्सलरॉड या राज्यशास्त्रज्ञानं एक स्पर्धा भरवली आणि १९८० मध्ये तिचे निकाल प्रसिद्ध केले. प्रत्येकानं एक प्रोग्रॅम पाठवायचा. तो दुसऱ्या प्रोग्रॅमसमोर पुन्हा पुन्हा उभा राहील आणि दर वेळी सहकार्य करायचं की दगा द्यायचा, ते ठरवेल. दग्यात तात्पुरता फायदा; दोघांनीही दगा दिला तर दोघांचंही नुकसान. पहिल्या स्पर्धेत १४ प्रोग्रॅम आले. त्यातले काही चांगलेच हिकमती होते. जिंकला तो आलेल्यांतला सर्वांत छोटा, अनातोल रापोपोर्ट यांनी पाठवलेला. त्याचा नियम जशास तसं: पहिल्यांदा सहकार्य करायचं, पुढं समोरच्यानं मागच्या खेपेला केलं तेच करायचं. दुसऱ्या स्पर्धेत ६२ प्रोग्रॅम आले. पहिल्या वेळी कोण जिंकलं आणि का, हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही पुन्हा तोच जिंकला.

अ‍ॅक्सलरॉडनं त्याच्या यशाची कारणं सांगितली, तीही साधी आहेत. तो आपणहून कधी दगा देत नाही. दगा झाला तर गप्प बसत नाही. समोरचा सुधारला की लगेच विसरतो. आणि त्याचं वागणं समजायला सोपं असतं. ‘जशास तसं’ म्हटलं की आपल्याला सूड आठवतो. या नियमातला पहिला शब्द मात्र सहकार्याचा आहे, हे विसरलं जातं.

त्यात एक कमजोरीही आहे. असे दोघे समोरासमोर असताना चुकून एखादा दगा घडला, तर त्याचे पडसाद दोघांमध्ये थांबतच नाहीत. तू केलंस म्हणून मी, मी केलं म्हणून तू. ही साखळी तोडायला कुणीतरी मधूनच, कारण नसताना, चांगलं वागावं लागतं. चौथा नळ ते कामही करतो. बिटटॉरेंटमधली देवघेव रापोपोर्टच्या नियमाइतकी काटेकोर नाही, इथं क्रमवारी लागते. पण आत्मा तोच आहे, आणि कोहेननं आपला विचार मांडताना याच नियमाचं नाव घेतलं होतं.

दुर्मिळ ते आधी

कुणाला द्यायचं हे झालं. पण काय मागायचं?

सरळ पहिल्या तुकड्यापासून शेवटच्यापर्यंत मागत जावं असं वाटतं. तसं सगळ्यांनीच केलं तर सुरुवातीचे तुकडे प्रत्येकाकडे असतील आणि शेवटचे फक्त मूळ देणाऱ्याकडे. तो निघून गेला की हजारो लोक ९० टक्क्यांवर अडकतील. म्हणून नियम असा, की शेजाऱ्यांमध्ये जो तुकडा सगळ्यात कमी जणांकडे आहे तो आधी मागायचा. नुकत्याच आलेल्याला तेवढी सूट असते. द्यायला काहीतरी लवकर हाती यावं म्हणून तो पहिला तुकडा कुठलाही घेतो.

गंमत बघा, प्रत्येकजण आपल्या फायद्यासाठीच दुर्मिळ तुकडा मागतो, कारण दुर्मिळ तुकडा ज्याच्याकडे आहे त्याच्याशी देवघेव करायला सगळे उत्सुक असतात. पण सगळ्यांनी तसं केल्यामुळे दुर्मिळ असं काही उरतच नाही, आणि एखादा माणूस निघून गेला तरी फाइल मोहोळात शाबूत राहते.

खोटा तुकडा देऊन कुणी फसवलं तर? त्यासाठी प्रत्येक तुकड्याचा २० बाइटचा एक ठसा आधीच काढलेला असतो. त्याला हॅश म्हणतात. तुकड्यातलं एक अक्षर बदललं तरी ठसा पार बदलतो. २४,५७६ तुकड्यांचे ठसे मिळून ४८० केबीत मावतात, आणि छोट्याशा टॉरेंट फाइलीत मुख्यतः हेच ठसे असतात. तुकडा आला की ठसा ताडून बघायचा. जुळला तर ठेवायचा, नाही तर फेकून पुन्हा मागायचा. त्यामुळे केनियातल्या माणसावर माझा विश्वास आहे का, हा प्रश्नच येत नाही. त्यानं दिलेला तुकडा मी स्वतः पारखून घेतो.

नियम जिथं संपतो

इतका विचार करूनही पळवाटा राहिल्याच. २००६ मध्ये झुरिकच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी ‘बिटथीफ’ नावाचा प्रोग्रॅम लिहून दाखवला. तो काहीही न देता, अनेकांच्या आशेच्या नळांवर आणि पूर्ण फाइल असलेल्यांच्या औदार्यावर अख्खी फाइल मिळवायचा. २००७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘बिटटायरंट’ केला. तो नेमकं लागेल तेवढंच द्यायचा आणि वाचलेली वाट दुसऱ्या सौद्याला लावायचा. म्हणजे हुशार स्वार्थी माणूस या नियमातही फट शोधतो. तरीही बहुतेक लोक साधा, प्रामाणिक प्रोग्रॅम जसाच्या तसा वापरत राहिले आणि मोहोळं टिकली.

खरी कसोटी निराळ्या जागी आहे. माझी फाइल १०० टक्के झाली. आता मला कुणाकडून काहीच नको. ज्या क्षणी मला काही नको, त्या क्षणी जशास तसं हा नियम माझ्यावरची पकड सोडतो. मी खिडकी बंद करून निघून गेलो तर मला कुणी अडवू शकत नाही. इथून पुढं थांबून जो देत राहतो त्याला ‘सीडर’ म्हणतात. सीड म्हणजे बी. पेरणाऱ्याचं नाव त्याला मिळालं आहे, आणि ते योग्य आहे.

इथं यंत्राचा नियम संपतो आणि माणसांनी केलेले नियम सुरू होतात. सभासदत्व असलेल्या अनेक बंद समूहांत प्रत्येकाचं गुणोत्तर मोजतात: दिलेलं भागिले घेतलेलं. एक आलं म्हणजे घेतलं तेवढं दिलं. ते फार खाली गेलं तर सभासदत्व जातं. वरवर बघता यापेक्षा न्याय्य काय असेल? पण कागद-पेन्सिल घेऊन बसलं की एक चकित करणारी गोष्ट समोर येते.

दहाजणांचा समूह घ्या. एकानं १ जीबीची फाइल आणली आणि नऊजणांनी ती घेतली. एकूण घेतलं ९ जीबी, म्हणून एकूण दिलंही ९ जीबीच, कारण कुणीतरी दिल्याशिवाय कुणी घेऊ शकत नाही. त्यातला निदान १ जीबी मूळ मालकानं दिलेला असणारच, नाही तर फाइल बाहेरच पडली नसती. उरले जास्तीत जास्त ८ जीबी. नऊजणांत ते कसेही वाटा, सरासरी गुणोत्तर एकाच्या खालीच राहणार. घेणाऱ्या सगळ्यांनी या फाइलीवर घेतलं तेवढं दिलं, असं कधीच होऊ शकत नाही. सगळ्यांत शेवटी आलेल्याला तर द्यायला कुणी उरलेलंच नसतं. तो लबाड नसतो, तो फक्त उशिरा आलेला असतो.

म्हणून जे समूह विचारी आहेत ते निव्वळ गुणोत्तरावर थांबत नाहीत. फाइल किती तास उघडी ठेवली, तेही धरतात. समोर घ्यायला कुणी आलं नाही तरी तुमचं थांबणं मोजतात. जुन्या, कुणी न विचारणाऱ्या फाइली जपणाऱ्याला जादा गुण देतात. नव्या सभासदाला सुरुवातीला काही फाइली हिशेबात न धरता घेऊ देतात. नीट बघितलं तर हाही चौथा नळच आहे. प्रोग्रॅममध्ये जो शहाणपणा लिहिला गेला होता, तोच माणसांना आपल्या नियमांत पुन्हा शोधावा लागला.

काय वाटायचं

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. सभासदांनी एकमेकांशी न्यायानं वागणं हा न्यायाचा अर्धा भाग झाला. ज्यानं ते गाणं, तो चित्रपट, ते पुस्तक घडवलं त्याच्याशी न्याय हा दुसरा अर्धा. त्याची परवानगी नसताना त्याची मेहनत कितीही समान वाट्यानं वाटली तरी ती वाटणी न्याय्य ठरत नाही. हयात लेखकाचं पुस्तक, नवा मराठी सिनेमा असा फिरवणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातलं पीक आपापसात काटेकोर मोजून घेणं. ते करू नये.

आणि करायची गरजही नाही, कारण हक्कानं वाटण्यासारखं अमाप आहे. लिनक्स तर आहेच. सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्हनं २०१२ मध्ये आपल्या संग्रहातल्या दहा लाखांहून जास्त गोष्टी टॉरेंटनं खुल्या केल्या, आणि या संग्रहात स्कॅन केलेली जुनी मराठी पुस्तकंही आहेत. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचं लेखन सर्वांचं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले. १ जानेवारी २०११ पासून त्यांचं लेखन आपलं सगळ्यांचं झालं. अशा एखाद्या जुन्या पुस्तकाची फाइल मोहोळात पूर्ण असलेला शेवटचा माणूस निघून गेला, की पुढं येणाऱ्याला तिथं अर्धवट तुकडेच मिळतात. पाच हजार लोकांना हव्या असलेल्या फाइलीला माझी गरज नसते. जिला वर्षातून एखादाच वाचक लाभतो, तिला मात्र कुणीतरी थांबलेलं लागतं.

त्या संध्याकाळी माझी फाइल पूर्ण झाली तेव्हा मी खिडकी बंद केली नाही. रकान्यातली मोठी ‘डी’ सगळी गेली होती, फक्त ‘यू’ उरली होती. रात्री झोपताना गुणोत्तर ०.६ होतं. सकाळी १.३ झालं होतं आणि माझ्याकडून कुठल्या कुठल्या झेंड्यांना धार चालू होती.

तुम्हीही एखादी खुली फाइल अशी उतरवाल तेव्हा शंभर टक्के झाल्या झाल्या उठू नका. घेतलं तेवढं परत जाईपर्यंत तरी खिडकी उघडी ठेवा. जमलं तर रात्रभर ठेवा. तुम्ही आत आलात तेव्हा तुमच्याकडे एकही तुकडा नव्हता, आणि कुणीतरी तुमच्यासाठी नळ उघडला होता.